पाष्टेकाकांची सातवी सुपारी

ज्या माणसाचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत, त्याचं नाव विश्राम गोविंद पाष्टे. हा माणूस सुपारीला नऊवारी नेसवतो.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवरच्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोर त्यांचं दार आहे. सकाळी आठला ते खिडकीपाशी पाटावर बसतात, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावतात आणि रेशमाच्या चिंधीला सुईने बारीक निऱ्या घालायला घेतात. पुढ्यात सुपारी असते. तिला आधी साडी, मग पदर, मग मोत्याच्या एका दाण्याची नथ. अशा सात सुपाऱ्या सात छोट्या पाटांवर उभ्या केल्या की झाली सप्तपदी. लग्नात मुलीकडचे लोक टेबलावर जे रुखवत मांडतात, त्यात ती लागतेच. पाष्टेकाका सत्तरी ओलांडलेले, अविवाहित आणि दिसायला एखाद्या गोदामाच्या मुकादमासारखे आहेत. ते होतेही मुकादमच. मस्जिद बंदरला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या पार्सल गोदामात त्यांनी उभा जन्म काढला. हात परातीएवढे. त्या हातांतून ती नथ कशी उतरते, हे मी इतकी वर्षं बघतोय, तरी मला कळलेलं नाही.

गोदामातल्या दोन गोष्टी त्यांच्याबरोबर घरी आल्या. पहिली म्हणजे ‘पोच’. माल मिळाल्याची पोच मिळाल्याशिवाय काम पुरं झालं असं ते मानत नाहीत. आपण त्यांच्याकडे चहा प्यालो आणि कप खाली ठेवला की भुवया उंचावून विचारतात, ‘‘पोच?’’ म्हणजे चहा कसा झाला ते सांगायचं. ‘छान’ म्हटलेलं चालत नाही. ‘‘छान ही काय पोच झाली? साखर, आलं, कडकपणा, एकेक सांग.’’

दुसरी गोष्ट म्हणजे पार्सलाची परीक्षा. संच पेटीत भरला की ते गॅलरीत जातात आणि पेटी खाली टाकतात. दुसऱ्या मजल्यावरून. पहिल्या वेळी वॉचमन ओरडला होता, ‘‘चाचा, नीचे आदमी है!’’

‘‘मग बाजूला हो. टेस्टिंग आहे.’’

‘‘क्या टेस्टिंग? मैं मर जाता!’’

‘‘तू मेला असतास तर पेटी कच्ची नव्हती एवढं सिद्ध झालं असतं,’’ काका म्हणाले आणि सुपारीची नथ जागेवर आहे का ते बघायला चपला घालून खाली गेले. मला म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं मी पार्सलं फेकली रे. कशी फेकतात ते मला नको शिकवू.’’

आता उपकारांचं. मी म्हसळा तालुक्यातला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बारावीनंतर मी इथे मामाकडे आलो. मामाच्या एका खोलीत सात माणसं, म्हणून मी जिन्यात बसून वाचायचो. एक दिवस मण्यांची पिशवी घेऊन वर चढताना काका थांबले.

‘‘जिन्यात बसून पास झालेला कोण माहितीय का तुला?’’

‘‘नाही.’’

‘‘मलाही नाही. चल वर.’’

पुढची तीन वर्षं त्यांच्या खिडकीतली अर्धी जागा माझी होती. अट एकच. माझे हात रिकामे दिसलेले त्यांना चालत नसत. ‘‘वाचतंय तोंड. मग हात का बसलेत सासऱ्याच्या घरी आल्यासारखे?’’ म्हणून मी मोती ओवत अर्थशास्त्र पाठ केलं आणि निऱ्या घालत वाणिज्य कायदा. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती, तेव्हा ते धुतलेला सदरा घालून माझ्याबरोबर आले. ‘विद्यार्थ्याशी नातं’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘समोरच्या दारातले’. कारकुनाने फॉर्म परत केला. काका म्हणाले, ‘‘खरं लिहिलंय. खोटं हवं असेल तर तुम्ही लिहा.’’ अर्धा तास हुज्जत घातली, पण रकाना बदलला नाही. मी पदवीधर झालो त्याला त्या रकान्याचा आधार आहे.

बोरिवलीला विम्याच्या ऑफिसात मला नोकरी लागली, मामा गावी परत गेला आणि समोरची खोली माझ्याकडे आली. काकांसाठी आपण काहीतरी करावं असं मला फार वाटायचं. तोवर त्यांचे संच खाली हंसाबेनच्या लेस-मण्यांच्या दुकानात विकले जायचे, महिन्याला एखाददुसरा. मी त्यांना सांगितलं की हाताने केलेल्या वस्तू विकणारी एक वेबसाइट आहे, तिच्यावर तुमचं दुकान काढतो.

‘‘कुठे असतं ते दुकान?’’

‘‘सगळीकडे.’’

‘‘बंद कधी होतं?’’

‘‘होतच नाही.’’

‘‘वाईट,’’ काका म्हणाले. ‘‘मग दुकानदार जेवतो कधी?’’

तरी मी दुकान काढलंच. काकांच्या नमुन्याच्या संचातल्या सातही सुपाऱ्या ओळीने मांडून खिडकीच्या उजेडात फोटो घेतला. खाली लिहिलं, ‘सप्तपदी, सात सुपाऱ्यांचा पूर्ण संच’. आठवड्याभरात अकोल्याहून पहिली मागणी आली. संध्याकाळी मी काकांकडे पेटी बघायला गेलो. तिच्यात सहा सुपाऱ्या नटलेल्या होत्या. सातवी उघडी. तिच्याशेजारी चिंधी, सुई, मोती, डिंकाची कुपी आणि काकांच्या गोल अक्षरातली एक चिठ्ठी, ‘सातवी तुझी. जमेल.’ खाली त्यांचा फोन नंबर.

‘‘काका, ही राहिली.’’

‘‘राहिली नाही. ठेवली.’’

हंसाबेनच्या दुकानातही ते हेच करत होते, हे मला तेव्हा कळलं; पेट्या ते मी कॉलेजात असताना भरायचे. तिथे हंसाबेन गिऱ्हाइकाला तोंडाने समजावून सांगायची. ‘‘देखो बेन, पास्टेभाई का ऐसा ही है. छह उनका, एक दुल्हन का. मगज मत चलाओ, ले जाओ.’’ वेबसाइटवर हंसाबेन नव्हती.

मी म्हटलं, ‘‘काका, लोक सातच्या सात तयार मागतात हो.’’

‘‘मग पाटीवर काय लिहिणार?’’

रुखवताच्या टेबलावर पाटी असते, ‘चि. सौ. कां. अमुक हिच्या हातचे’. सगळ्यांना ठाऊक असतं की त्यातलं निम्मं आत्यांनी केलेलं असतं आणि उरलेलं बाजारातून आलेलं. कोणी मनावर घेत नाही. काका घेतात. त्या दिवशी त्यांनी कारण सांगितलं. भिंग डोळ्यालाच होतं, हातातली सुई चालू होती.

‘‘आमच्या आक्काच्या लग्नात घरात काही नव्हतं. आईने वाडीतल्या एका घरून रुखवत उसनं आणलं. मीच आणलं डोक्यावरून, दहा वर्षांचा होतो. मांडलं. मुलाकडच्या एका बाईने कापसाचा ससा उचलला आणि उलटा केला. पोटाखाली नाव होतं, सुमन. आमच्या आक्काचं नाव इंदिरा.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? हसले सगळे. आक्कापण हसली. सासरी वर्षभर तिला सुमनच म्हणायचे. ‘सुमन, पाणी आण. सुमन, शेण काढ.’ मी दिवाळीला गेलो तर मला कळेचना हाक कोणाला मारतायत.’’ त्यांनी दोरा दाताने तोडला. ‘‘सातातली एक तरी तिने करावी. मग पाटी खरी. कोणी उलटी करून बघितली तरी भ्यायला नको.’’

तरीही मी पानावरची ‘पूर्ण संच’ ही अक्षरं बदलली नाहीत. ‘सहा तयार, एक तुम्ही करा’ असं लिहिलं तर कोण घेणार, असं मला वाटलं. माझी पहिली चूक ही, आणि ती मी मुद्दाम केली.

व्हायचं ते झालं. कोणीतरी लिहिलं, ‘सहा सुंदर, सातवी नागडी आली.’ कोणी लिहिलं, ‘अपूर्ण माल, फसवणूक.’ एक तारा, दोन तारे. काका मला उत्तरं सांगायचे आणि मी टाइप करायचो. ‘चि. स्नेहा हिस अनेक आशीर्वाद. ती नागडी नाही, तुझी वाट बघत आहे. चिंधी पेटीत उजव्या बाजूस आहे.’ स्नेहाने एक ताराही काढून घेता येतो का, अशी चौकशी केली.

पण काही मुली सातवी सुपारी करायच्या. करून तिचा फोटो काकांच्या फोनवर पाठवायच्या. काका ते फोटो शांती नगरात जाऊन छापून आणत आणि कपाटाच्या दाराला चिकटवत. पोच! तिरक्या साड्या, गालावर गेलेल्या नथी, डिंकाने माखलेले पदर. एका सुपारीला तर साडी उलटीच नेसवली होती. काकांना प्रत्येक मुलगी सुपारीवरून ओळखता यायची. ‘‘ही चंद्रपूरची. डिंक फार, पण माया भरपूर. ही साताऱ्याची, निऱ्या बघ, आईने केल्यात, लबाड आहे. ही डोंबिवलीची, हिला मुलगा झाला परवा. फोन आला होता.’’ फोन यायचे. सासूचं काय, नोकरी सोडू का, बाळाला ढेकर येत नाही. लग्न न केलेला हा माणूस गॅलरीत उभा राहून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, ‘‘उभं धर गो त्याला! खांद्यावर! पाठीवरून हात फिरव!’’

मग वेबसाइटची सूचना आली. तारे फार खाली गेले आहेत, महिन्याभरात सुधारले नाहीत तर दुकान बंद करू. मी ती काकांना वाचून दाखवली.

‘‘होऊ दे बंद,’’ ते म्हणाले. ‘‘दुकानदाराला जेवता तरी येईल.’’

मी माझ्या दाराची कडी काढत होतो तेवढ्यात मागून आवाज आला. ‘‘अनंता, दुकान बंद झालं की नव्या मुलींना माझा पत्ता लागायचा नाही, नाही का?’’

‘‘नाही लागणार.’’

‘‘हं,’’ काका म्हणाले आणि कपाटाच्या दाराकडे बघत बसले. त्यावर खाली अजून दोन हात जागा रिकामी होती.

तेव्हा मी माझी दुसरी चूक केली. शेवटचं पॅकिंग माझ्याकडेच होतं. काका पेटी मांजरपाटात शिवून द्यायचे आणि वेबसाइटचा माणूस ती घ्यायचा नाही, म्हणून त्यांनी कंटाळून मला सांगितलं होतं, ‘‘ते प्लास्टिक तू चढव. माझ्याच्याने बघवत नाही.’’ तर मी सकाळी ऑफिसला निघण्याआधी पेटी उघडायचो, चिठ्ठी बाजूला ठेवायचो आणि सातवी सुपारी स्वतः नटवायचो. दहा मिनिटांचं काम होतं. हात मुरलेले होते, तेही त्यांच्याच खिडकीत मुरलेले. माझी सुपारी त्यांच्या सहांत ठेवली तर वेगळी ओळखू येत नसे. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला अभिमानच वाटला.

तारे चढले. चार, साडेचार, पाच. सूचना मागे घेतली गेली. काकांनी इमारतीत बुंदीचे लाडू वाटले. हंसाबेनला म्हणाले, ‘‘लोग सुधर गये, बेन. अभी कोई नागडी नहीं बोलता.’’

हंसाबेनने लाडू खात माझ्याकडे पाहिलं. ‘सहा त्यांच्या, एक नवरीची’ हे गिऱ्हाइकांना इतकी वर्षं तीच समजावत आली होती. लोक असे एकाएकी सुधारत नाहीत, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पण तिने फक्त दुसरा लाडू उचलला.

एक महिना गेला, दोन गेले. एका रविवारी काका फोन घेऊन माझ्याकडे आले. ‘‘बघ रे, याच्यात जागा भरलीय का?’’

‘‘का? बरीच रिकामी आहे.’’

‘‘मग फोटो का येत नाहीत? पाच तारे देतायत आणि पोच नाही.’’

मी म्हटलं, ‘‘हल्ली मुली कामात असतात.’’

‘‘असतील,’’ काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते शांती नगरातल्या मोबाइलवाल्याकडे जाऊन आले. त्याने फोन उघडून बघितला आणि सांगितलं, ‘‘फोन एकदम ठीक है, चाचा. कोई करता ही नहीं होगा.’’ हे त्यांनी मला हसत सांगितलं. मोबाइलवाल्याची नक्कलसुद्धा केली.

त्यानंतर पेटीतल्या चिठ्ठ्या लांबायला लागल्या. मी दर पेटीतून त्या काढायचो आणि फेकवत नाहीत म्हणून माझ्या उशाच्या पिशवीत ठेवायचो. ‘सातवी तुझी. जमेल. डिंक कमी लाव.’ मग, ‘वाकडी झाली तरी चालते. फोटो पाठव, मी हसणार नाही.’ मग, ‘दोन सुया ठेवल्या आहेत, एक मोडली तर असू दे.’ आणि गेल्या महिन्यातली एक, ‘बाळ, फोटो नको पाठवू. केली एवढंच कळव.’

ती वाचून मी त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही.

तोंडाने सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. पण समोर गेलं की काका आधी पोह्यांची बशी पुढे करतात, आणि पोहे खाल्ल्यावर माणसाला असलं काही बोलता येत नाही. शेवटी मी पत्र लिहिलं आणि आठ पावलांवरच्या दारासाठी ते स्टेशनजवळच्या पेटीत टाकून आलो. ते असं होतं.

*

तीर्थरूप काका यांस,
अनंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

मुली गप्प नाहीत. त्यांना तुमची चिठ्ठी मिळालेलीच नाही. श्रावणापासून गेलेल्या सव्वीस पेट्यांतली सातवी सुपारी मी केली. चिठ्ठ्या मी काढून घेतल्या. दुकान बंद पडू नये म्हणून केलं असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे दुकान मी काढलेलं होतं आणि ते बुडालेलं मला बघायचं नव्हतं. त्याआधी मुलींनी तुम्हाला जे बोल लावले तेही माझ्यामुळे. मी पानावर ‘पूर्ण संच’ लिहिलं होतं आणि कारण माहीत असूनही बदललं नाही.

यातल्या काहींची लग्नं होऊन गेली. त्यांच्या पाट्या खोट्या झाल्या. तुम्हाला जन्मभर ज्याची भीती वाटली, तेच मी तुमच्या नावाने घरोघर पाठवलं.

मी दोन गोष्टी केल्या आहेत. पान बदललं. आता पहिल्याच ओळीत आहे, ‘सहा आमच्या, सातवी तुमची. ती तुम्हालाच करावी लागेल.’ फोटोतही सातवी उघडी ठेवली आहे. तारे पुन्हा उतरतील, दुकान जाईलही. गेलं तर जाऊ दे. मुलींना पत्ता कळायला दुसरं काही शोधू.

दुसरं म्हणजे गेल्या सोमवारी तुमच्या सव्वीस चिठ्ठ्या ज्या मुलींच्या होत्या त्यांना पोस्टाने पाठवल्या. प्रत्येकीबरोबर एक सुपारी, चिंधी, सुई आणि मोती. सोबत मी काय केलं ते माझ्या नावाने, माझा फोन नंबर देऊन, लिहून पाठवलं. मण्यांसाठी हंसाबेनकडे गेलो तर ती एवढंच म्हणाली, ‘‘देर किया, अनंत.’’

काल वर्ध्याहून एकीचा मला फोन आला. मार्चमध्ये लग्न झालं तिचं. फार रागावली होती. सगळ्या पाहुण्यांसमोर मी केली म्हणून मिरवलं, आता तुम्ही हे सांगताय, म्हणाली. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, इथे नवीन घरात दिवसभर मी एकटीच असते, सुई घेऊन बसले तर साडी सारखी घसरतेय. मग तिने विचारलं, चिठ्ठी लिहिणारे काका फोन उचलतात का?

मी उचलतात म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी करायला सांगितलंय, तोवर हे पत्र तुम्हाला मिळालेलं असेल. ती आधी माझ्याबद्दल वाईट बोलेल, ते बोलू द्या. मग साडी का घसरते ते तिला सांगा. मला सांगता आलं असतं, पण मी सांगितलं नाही.

आपला आज्ञाधारक,
अनंत